सागवानी झडपांची शास्त्रोक्त निवड

इचोड्यात खिडकीला नक्षीदार झडपा बसवू पाहणाऱ्याने आधी सुताराकडे जाऊ नये, आधी पावती करावी. आदिलाबादचा साग नावाजलेला, त्यामुळे स्वस्तात साग देणारा ‘आपला माणूस’ इथे कुणाच्याही ओळखीत निघतो. तो सहसा रात्रीच भेटतो. त्याच्या लाकडावर कितीही सुरेख वेलबुट्टी कोरा, वनखात्याला एकच नक्षी कळते: ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा. पावती आणि वाहतूक परवाना फ्रेम करून भिंतीवर लावल्यास उत्तम.

सर्वांत साधी ती फळ्यांची झडप. उभ्या फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या आणि एक तिरपी. ही तिरपी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात गेली पाहिजे. उलटी ठोकली तर झडप पहिल्या पावसाआधीच मान टाकते आणि सुतार म्हणतो, “लाकूड ओलं होतं ना भाऊ!”

प्रतिष्ठितांनी पॅनेलची झडप करावी. चौकटीला खाच आणि कुसवाचा पक्का सांधा, आतली फळी मात्र खोबणीत मोकळी. फेविकॉलची हौस इथे आवरावी. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि हलायला जागा नसली की तडकते.

रसिकांसाठी झिलमिली. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला की वारा आत आणि पाणी बाहेर. शिवाय आपण कुणाला दिसत नाही, पण समोरच्यांकडे कोण आले ते नीट दिसते. खरे तर झिलमिली करायची ती याचसाठी. अडचण एवढीच की ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो, आणि कन्याकुमारीकडे निघालेला ट्रकही पट्टीपट्टीवर धुळीने हजेरी लावून पुढे सरकतो. त्या कुणी पुसायच्या, हे घरात लेखी ठरवून मगच बयाणा द्यावा.

नक्षीत मोर नेहमीचा. कमळही चालते, पण हल्ली लोक पक्ष विचारतात. निर्मलचे पाहुणे पोनिकीचे लाकूड सुचवतील. ते हलके, मऊ, खेळण्यांना फार छान. खिडकीला नको.

बिजागऱ्या मात्र दांडी ओढून सुटणाऱ्याच घ्याव्यात. एप्रिलात कूलर बसतो तो याच खिडकीत, आणि झडपा उतरून पलंगाखाली जातात. पाहुणे नेमके मे महिन्यात, लग्नसराईत येतात. त्यांना बॅटरी देऊन पलंगाखाली वाकायला सांगावे. मोर उजवीकडे आहे.