वांगी तोडू नयेत

'परस' या शब्दाचा ज्या कोणा पूर्वजाने प्रथम उच्चार केला, त्याच्या मनात घराच्या दर्शनी भागाविषयी फारसा आदर नसावा, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. दर्शनी भाग हा पाहुण्यांचा, तगाद्यास आलेल्या सावकाराचा आणि वसुलीस आलेल्या पटवाऱ्याचा. आणि मागला भाग, जेथे न्हाणीचे पाणी अळूच्या पानांखालून मुरत मुरत केळीच्या बुंध्याशी पोहोचते आणि जेथे शेवग्याची फांदी शेजारणीच्या हद्दीत वाकल्यावरून वर्षातून एकदा तरी शब्दास शब्द वाढतो, तो भाग घरातील बायकांचा, असे एक अलिखित वाटणीपत्र आमच्या मराठवाड्यातील घराघरांत अमलात होते. निजामाच्या राजवटीत गावोगावची जमीन सरकारी पत्रकांत उतरली, इनामे मुंतखबात उतरली. परंतु परसातल्या कारल्याच्या वेलाची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही, आणि नोंद नव्हती म्हणूनच त्या वेलास कारली लागत असावीत.

हा पुरातन बंदोबस्त आता मोडीत निघाला आहे, कारण सरकारने परसबागेस बक्षीस लावले आहे. बक्षीस आले म्हणजे समिती आली. समिती आली म्हणजे तिला बाग दिसली पाहिजे हे ओघानेच आले. आणि समिती ही मोरीच्या बाजूने येत नसून मुख्य फाटकातून येते हे सर्वश्रुत असल्यामुळे, नांदेड आणि लातूर या उभय जिल्ह्यांत ज्या ज्या शाळांना बक्षिसाची आस लागली, त्यांनी आपली परसबाग परसातून उचलून ध्वजस्तंभाच्या उजव्या अंगास आणून बसविली. नाव मात्र परसबाग हेच ठेवले आहे. उद्या माजघर चावडीवर भरवावयाचे ठरले तरी परिपत्रकात त्यास माजघरच म्हटले जाईल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

मूळ हेतूस नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळेतील मुलांसाठी मध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना निघाली. आरंभी मुलांच्या पिशवीत महिन्याकाठी तीन किलो कोरडे धान्य पडत असे, पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दटावल्यावर ते शिजून ताटात पडू लागले. आणि २०२१ साली 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे भारदस्त नामाभिधान मिळूनही गावातल्या लेकरांनी तिला खिचडीच म्हणावयाचे सोडले नाही. या खिचडीत हिरवे काहीतरी पडावे, आणि ते शाळेच्याच मातीतून यावे, म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून शालेय परसबागेच्या मार्गदर्शक सूचना आल्या व प्रत्येक बागेस ५,००० रुपयांची तजवीज सांगितली गेली. या रकमेत कुंपण केले तर बियाण्यास पैसे उरत नाहीत, आणि बियाणे आणले तर गावच्या शेळ्या उरतात, हे कोडे मात्र सूचनांत सोडविलेले नाही. ते सोडविण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असून, त्याच मुख्याध्यापकांकडे जनगणना, मतदारयाद्या आणि फावल्या वेळात अध्यापन हीही कामे आहेत.

बागेस स्पर्धेत उतरविण्याचा हव्यास आपल्याच मुलखात उपजला, असा आरोप कोणी करू नये. विलायतेत भाडेपट्ट्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यांवर दरसाल परीक्षक हिंडतात आणि पायवाटेच्या कडा सरळ कापल्या आहेत की नाहीत हे वाकून पाहतात. जर्मनीतील हकीकत याहून उद्बोधक आहे. लायपझिग शहरात डॉक्टर श्रेबर या नावाचे एक गृहस्थ १८६१ साली निवर्तले. भाजीच्या बागांची चळवळ काही त्यांनी काढलेली नव्हती. तीन वर्षांनी स्थापन झालेल्या एका मंडळीने आदरापोटी त्यांचे नाव घेतले, आणि त्या मंडळीच्या क्रीडांगणालगत गेसेल नावाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकाने मुलांसाठी लहान लहान वाफे पाडून दिले. मुलांनी चार दिवस मोठ्या हौसेने पाणी घातले, पाचव्या दिवशी ती खेळावयास निघून गेली, आणि वाफे आईबापांच्या गळ्यात पडले. आज सगळ्या जर्मनीभर पसरलेल्या त्या बागांना नाव मिळाले ते श्रेबरांचे. गेसेलमास्तरांचे नाव लायपझिगच्या बाहेर क्वचितच कोणास ठाऊक असेल. आमच्याकडील कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षकास ही गोष्ट सांगून पाहावी. तो यत्किंचितही विस्मय न दाखविता 'चालायचंच' एवढेच म्हणेल.

गेल्या काही वर्षांत या उद्योगास आणखी वेग आला. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' नावाचे अभियान १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ या मुदतीत पार पडले आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेस त्यात ५१ लाख रुपये लावलेले होते. एकतीस आणि पंधरा मिळून शेहेचाळीस दिवस होतात. मेथी महिन्याभरात काढणीस येते, तेव्हा मेथीच्या दृष्टीने ही मुदत वाजवी म्हणता येईल. परंतु वांग्याचे रोप लावल्यापासून फळ हाती येण्यास दोन महिने लागतात, आणि शेवग्यास तर त्याहूनही कितीतरी अधिक. शासनाची मुदत आणि वांग्याची मुदत यांत तफावत पडली असता माघार वांग्याने घ्यावयाची, हा प्रशासनाचा सर्वमान्य दंडक आहे. ते माघार कशी घेते, हे मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले, कारण एका वर्षी एका तालुक्याच्या परसबाग मूल्यांकन समितीवर 'अशासकीय सदस्य' म्हणून माझी वर्णी लागली होती. कोणता तालुका, कोणते साल, हे मी सांगणार नाही. मला अजून त्या रस्त्याने जावे-यावे लागते.

पहिल्या शाळेत आम्ही उतरलो तेव्हा लेझीम वाजत होते. माझ्या आजोबांच्या काळी निजामाच्या अव्वल तालुकदारांचा दौरा निघे तेव्हा गावाने कोंबडी, दूध आणि चारा यांची सरबराई करावयाची असे. आता गाव भाजी दाखविते, एवढीच काय ती लोकशाहीची प्रगती. बाग देखणी होती यात वाद नाही. वाफ्यांच्या कडांना विटा तिरक्या रोवून त्यांवर गेरू व चुना आळीपाळीने फासलेला, प्रत्येक वाफ्यास पाटी, पाटीवर भाजीचे शास्त्रीय नाव. ज्या लातूर जिल्ह्यातील कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, आणि जी कोथिंबीर हातभर अंतरावरून नाकास स्वतःची ओळख देते, त्या मुलखाच्या वेशीवर दुसरीतील एक चिमुरडी आम्हांस घडाघडा 'कोरिअँड्रम सटायव्हम' म्हणून दाखवीत होती. मी तिला हळूच विचारले, "बाळ, हे घरी कशात घालतात?" ती गोंधळली आणि बाईंकडे पाहू लागली. ते पाठ करून घेतलेले नव्हते.

पुढे वांग्यांचा वाफा. बारा झाडे, प्रत्येकास तीन-चार वांगी, तीही तकाकणारी. कुतूहलाने मी एका झाडाच्या बुडाशी माती उकरली, तो रोपवाटिकेची काळी पिशवी दिसली. झाड पिशवीसकट पुरलेले होते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले, मी मुख्याध्यापकांकडे पाहिले, आणि त्या क्षणी आम्हां दोघांत जो तह झाला तो मी आजवर पाळला होता. वास्तविक त्या गृहस्थाचा दोष काय? त्याला शेहेचाळीस दिवस मिळाले होते, आणि त्याने निसर्गाची उणीव स्वतःच्या पगारातून भरून काढली होती.

दुसरी शाळा आडवाटेची, दोन शिक्षकी. लेझीम नव्हते, लेझमीइतकी मुलेच नव्हती. बाग कोठे आहे असे विचारता गुरुजी संकोचून म्हणाले, "मागं आहे, सर." ती खरोखरच मागे होती. स्वयंपाकखोलीच्या मागल्या दाराशी, जेथे मुले ताटे विसळतात ते पाणी वळवून काढलेली एक सरी, सरीच्या अंगाने पालकाचे बुडखे, शेंडे खुडून खुडून हातभरच राहिलेली अंबाडी, मेथीच्या वाफ्यात निव्वळ रोपांचे खुंट, आणि शेवग्याचे एक झाड, ज्याच्या खालच्या सगळ्या फांद्या बोडक्या. समितीच्या अध्यक्षांनी गुणपत्रक काढले. त्यात 'प्रत्यक्ष आढळलेल्या भाज्यांचे प्रकार', 'बागेचे सौंदर्य', 'माहितीफलक' असे रकाने होते.

"भाजी कोठे आहे?" अध्यक्षांनी विचारले.

खिचडी शिजविणाऱ्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भाजी व्हय? लेकरायनी खाल्ली की, सायेब. परवा मेथी घातली वरणात, काल पालक झाला. तुमी येनार हे कोनी सांगितलंच न्हाई, न्हाईतर ठिवली असती थोडी."

"एकही भाजी शिल्लक नाही?"

"अंबाडी हाय की. पर ती उद्याला लागती."

रकान्यांत 'खाल्लेली भाजी' यासाठी जागा नव्हती. मी सुचविले की, परसबागेचा उद्देश भाजी मुलांच्या पोटात जाणे हा असल्यामुळे तपासणी पोटाची करावी. परंतु ती आरोग्य खात्याची बाब ठरली. अखेरीस शेऱ्यात 'पाहणीवेळी भाजीपाला आढळून आला नाही, सुधारणेस वाव आहे' असे लिहिले गेले, आणि त्याखाली माझीही सही आहे. मावशींनी आम्हांस चहा दिला. त्यात गवती चहाची पाती होती. तीही त्यांनी आमच्यादेखत मागल्या आळ्यातून कापून आणली होती, म्हणजे बागेतील आढळण्याजोगी शेवटची वस्तू समितीनेच प्राशन केली.

तिसऱ्या शाळेविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तेथे शेळी आदल्या रात्रीच येऊन गेली होती.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद निघाला तो उभय जिल्ह्यांच्या थोरवीचा. महसूल आयुक्तालय नांदेडास असावे की लातुरास, यावर २००९ पासून ज्यांचे एकमत होऊ शकले नाही, त्यांचे भोपळ्याच्या बाबतीत होईल ही अपेक्षाच चूक. नांदेडकर सदस्य गोदावरी, विष्णुपुरीचा जलाशय आणि अर्धापूरची केळी यांचा दाखला देऊन म्हणाले की, बाग ही पाण्याची गोष्ट आहे. लातूरकर सदस्य काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की, २०१६ साली एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी त्यांच्या गावी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्यापूर्वीच पाणवठ्यांवर गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम लागला होता. आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतील एका म्हातारीने तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, भांडी विसळलेले पाणी कढीपत्त्याला आणि पाय धुतलेले पाणी लिंबाला, अशी रोजची वाटणी लावून तिन्ही झाडे पावसाळ्यापर्यंत आणून पोहोचविली. "तिला किती गुण द्याल?" त्यांनी विचारले. अध्यक्षांनी गुणपत्रक पुन्हा एकवार पाहून सांगितले की, तीनच प्रकार असल्यामुळे ती पात्र ठरत नाही. किमान संख्येची अट आहे.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. पिशवीतील वांगी तालुक्यात पहिली आली.

त्यानंतर दोनएक आठवड्यांनी त्या रस्त्याने जात असता मी सहज त्या शाळेत डोकावलो. फाटकाशी सहावीतील दोन पोरे हातांत काठ्या घेऊन बसली होती. चौकशी करता कळले की, तालुक्यात पहिली आलेली बाग आता जिल्हा समिती पाहणार आहे, समितीची तारीख दोनदा पुढे गेली आहे, आणि ती येईपर्यंत बागेतील एकही पान तोडू नये, विशेषतः वांगी तोडू नयेत, अशी सक्त ताकीद फळ्यावर लिहिलेली आहे. पोरांचा गणिताचा तास चालू होता. पण राखणीची पाळी त्यांची होती. वांगी झाडावरच पिवळी पडून पडून पोकळ झाली होती, पालक कमरेइतका वाढून बियांवर आला होता, आणि स्वयंपाकखोलीच्या दाराशी बाजारातून आणलेल्या मेथीच्या जुड्या सोडून ठेवल्या होत्या, कारण खिचडीत पालेभाजी घातल्याचे छायाचित्र त्या दिवशी वर पाठवावयाचे होते.

मुख्याध्यापक मला पाहून लगबगीने आले. तुम्ही पूर्वी समितीवर होता म्हणून विचारतो, असे म्हणून त्यांनी मला मेथीच्या वाफ्यापाशी नेले. अख्ख्या वाफ्यास बारीक, पिवळसर फुले आली होती.

"सर," ते आवाज उतरवून म्हणाले, "भाजी म्हणून आता ही गेलीच. पण सौंदर्याच्या रकान्यात फुलझाड म्हणून दाखवली, तर चालेल का?"