मा. यू-पिन साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. यू-पिन साहेब,
मुख्य तपासणी अधिकारी (एसएमपीएस विभाग),
समस्त कॉम्प्युटर दुरुस्ती दुकाने.

विषय : पंखा फिरला म्हणून देण्यात येणाऱ्या ‘ओके’ शेऱ्याबाबत.

स. न. वि. वि.

आपली कार्यपद्धती आम्ही काउंटरच्या अलीकडून डोळे भरून पाहिली आहे. बंद पडलेल्या डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा सप्लायचा डबा, बाहेर येतो. त्याच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये आपला एक पाय हिरव्या वायरीच्या भोकात जातो, दुसरा शेजारच्या काळ्या वायरीच्या. (हिरवीच्या दोन्ही बाजूंना काळीच असते, त्यामुळे आपण सहसा चुकत नाही. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तिथे मात्र सोळावी पिन मोजून काढावी लागते.) बटण टाकताच पंखा गरगरतो आणि दुकानदार निकाल वाचतात : “सप्लाय एकदम ओके आहे. मदरबोर्ड गेलाय तुमचा.”

साहेब, हिरवी वायर काळीला टेकली की सप्लाय चालू होतो, एवढंच तिचं काम. कॅबिनेटचं बटण दाबल्यावर मदरबोर्डही रोज हेच करतो. आपण दाराची बेल वाजवून पाहिलीत आणि घरातली सगळी माणसं ठणठणीत असल्याचा दाखला देऊन मोकळे झालात. बरं, १२ व्होल्टचा पंखा सातावरही फिरतो, जरा सावकाश इतकंच. उलट काही नवे एसएमपीएस लोड नसताना पंखा मुद्दाम थांबवून ठेवतात. असा धडधाकट गडी आपण नापास करता.

आपल्याच टेबलाच्या खणात एक मल्टिमीटर धूळ खात पडला आहे. त्याला २० व्होल्ट डीसीवर लावा आणि काळा प्रोब काळ्या वायरीत खोचा. कॉम्प्युटर बंद, पण प्लगचं बटण चालू, अशा वेळीही जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर कॅबिनेटचं बटण दाबून दाबून झिजलं तरी काही होणार नाही. चालू केल्यावर पिवळीवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकाची ही नेहमीची सूट. राखाडी वायर तर आपण कधी विचारातच घेत नाही. सगळे व्होल्ट जागेवर आल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत तिने ‘सगळं ठीक’ असा इशारा द्यायचा असतो. तो आला नाही तर पंखे जोरात, स्क्रीन ठार काळी. पुष्कळ मदरबोर्ड अशा वेळी नाहक बदनाम होतात.

पण आमची खरी तक्रार लोडची आहे. आपण तपासता तेव्हा सप्लायवर त्याच्या स्वतःच्या पंख्याखेरीज कसलाच भार नसतो. सगळं जोडून कॉम्प्युटर चालू ठेवा, कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिवळ्या वायरीलगत प्रोब सरकवा आणि एखादा जड गेम लावा. मघाशी १२.०५ दाखवणारा मीटर ११.६ वर येतो, मग ११.३, आणि मशीन धाडकन रीस्टार्ट. पिवळी अशी बसत असताना मदरबोर्ड कशाला बदलायचा? कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसच्या स्टिकरवर ४५० वॅट ठळक छापलेले असतात. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर असतील, तर त्या १२ व्होल्टच्या लाइनचे वॅट होतात १६८. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पोसायचं ते प्रामुख्याने तेवढ्यावरच.

मीटरलाही सगळं दिसत नाही, हे मान्य. १२ व्होल्टवरचा रिपल (व्होल्टची बारीक थरथर) १२० मिलिव्होल्टच्या पुढे गेला का, हे ऑसिलोस्कोपच सांगेल. तो गल्लीतल्या दुकानात मागण्याइतके आम्ही निर्दय नाही. खात्रीचा एक एसएमपीएस दुकानात ठेवा आणि लावून पाहा, बस्स. मात्र संशय आला म्हणून डबा उघडून आत पाय घालू नका. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर आतला मोठा कंडेन्सर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. तिथे आपलं अधिकारपद चालत नाही.

तरी विनंती की, यापुढे आपला अधिकार ‘सप्लाय चालू होतो’ एवढ्या शेऱ्यापुरता मर्यादित ठेवावा. मदरबोर्ड बदलण्याची शिफारस करण्यापूर्वी पिवळी, लाल, नारिंगी आणि जांभळीचे लोडवरचे आकडे बिलाच्या मागे लिहून द्यावेत.

आपला,
एक डेस्कटॉपधारक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) श्री. खोडरबर, रॅम घासणी विभाग.
२) सर्व ग्राहक. ‘ओके आहे’ ऐकलं की ‘किती व्होल्ट?’ असं विचारावं.