फुकटचं विमान, पदरचा खर्च

वर्ध्यात विमानतळ नाही, पण क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर फुकट उडणारे मात्र निघाले आहेत. हिशेब सोपा आहे. १०० रुपये खर्चले की एक पॉइंट आणि पॉइंटचे चार आणे धरले, तर ५,००० रुपयांच्या तिकिटाला फक्त २० लाखांची खरेदी पुरते! वरचे कर आपल्याच खिशातून आणि विमान गाठायला पंचाहत्तरेक किलोमीटरवरचं नागपूरही. त्यात बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज; गावचा सावकारही एवढं मागताना आधी इकडेतिकडे बघायचा. आणि हे सारं सेवाग्रामच्या शेजारी, जिथे बापू पै-पैचा हिशेब ठेवत आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानं जात. (लाउंजची सोय नव्हती बिचाऱ्यांना.)

खरा फुकट प्रवास लाल एसटीत आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर तिकीट शून्य. वाहकाला ओळखपत्र दाखवायचं, बस्स. वार्षिक शुल्क नाही, व्याज नाही, खर्चाची अट नाही. फक्त पॉइंट वर्षाला एकच जमा होतो.