शेजारच्या आजींच्या दूर्वा

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

ती. सौ. आईस,


फोन रोज होतो, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू ऐन रंगात "थांब, दूधवाला आला" म्हणतेस, आणि बाबा मागून मुलुंडचे रस्ते १९२२ साली क्राउन आणि कार्टर यांनी कसे काटकोनात आखले ते जावयाला चौथ्यांदा सांगतात.

परवा नवं घर दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "गॅरेज पुरे, आता घर दाखव." अगं, तेच घर! ही साठ सालच्या आसपासची वसाहत. जोसेफ आयक्लर नावाच्या बिल्डरने १९४९ पासून पंचवीसेक वर्षांत कॅलिफोर्नियात अशी अकराएक हजार घरं बांधली. रस्त्याकडून नुसती भिंत आणि सपाट छप्पर, म्हणजे गोडाऊनच. पण दार उघडून आत जावं तर पुन्हा बाहेरच! डोक्यावर आभाळ, भोवती खोल्या. याला एट्रियम म्हणतात. आजोळच्या वाड्याचा चौक तो हाच, फक्त तुळस नाही. म्हणजे सातासमुद्रापार येऊन, एवढं भाडं भरून राहतोय कुठे, तर वाड्यात. फरशीखाली गरम पाण्याचे नळ आहेत, थंडीत जमीनच ऊबदार होते. बाबांच्या गुडघ्यांना सांग.

मागच्या बाजूला मात्र भिंतींऐवजी काचाच काचा. म्हणून इथल्या काही गल्ल्यांतल्या लोकांनी सह्या गोळा करून नगरपालिकेकडून नियमच करून घेतलाय, की कुणी वर मजला चढवायचा नाही. शेजारी वर चढला की खाली आपली पंचाईत! आपल्या सोसायटीत सह्या घेतल्या त्या तळमजला अधिक दोनचे बावीस करायला. तुझे ते दोन सभासद अजून अडून बसलेत का? बसू देत. जेसीबी यायच्या आत कंपाउंडातल्या अनंताची फांदी वॉचमनकडून कुंडीत लावून घे. मला मात्र बिया-बिया पाठवू नकोस, विमानतळावरच काढून घेतात.

फुलांचं काय सांगू? बोगनवेल, गुलाब, कण्हेर, आणि फुटपाथवर ओळीने आपल्या ताम्हणाची धाकटी चुलत बहीण. आणि तोडत कुणी नाही! तिथे बाबा मॉर्निंग वॉकला काठी नेतात, ती कुत्र्यांसाठी नसून तिच्या टोकाला तारेचा आकडा आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. इथे टपोरी लाल जास्वंद झाडावर उमलते आणि झाडाखालीच मिटून पडते. पहिले आठ दिवस माझे हात नुसते शिवशिवत होते.

गणपतीच्या दिवशी पहाटे दूर्वा आठवल्या. इंडियन स्टोअर उघडायचं दहाला. खिडकीतून पाहते तर शेजारच्या आजींच्या लॉनमध्ये हरळी हा हा म्हणता पसरलेली! गेले. ओल्या गवतात गुडघे टेकून, पात्यांची तीन टोकं बघून बघून खुडत होते. सतरापर्यंत आले आणि दार उघडलं. गाऊनमध्ये आजी, हातात कॉफीचा मग. मी तशीच रांगत, मुठीत त्यांचं गवत. "फॉर गॉड," एवढंच तोंडातून आलं.

आजींच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. हरळीला इथे बर्म्युडा ग्रास म्हणतात. तीस वर्षं त्या त्याच्याशी लढतायत: उपटून झालं, औषध मारून झालं, वर पुठ्ठे अंथरून झाले. दुष्काळामुळे लॉन काढून कमी पाण्याची झाडं लावली तर पाणीखातं चौरस फुटावर पैसे देतं. (चौरस फूट म्हटल्यावर बाबांनी कान टवकारू नयेत. इथे पैसे मिळतात ते गवत घटवल्याचे.) आजींना ते करायचंय, पण ही बया हटत नाही. आमच्याकडे याची जुडी विकत घेतात म्हटल्यावर त्यांना खाली पायरीवर बसावं लागलं.

दुपारी आरतीच्या वेळी बेल वाजली. आजी. मागे ढकलगाडीत काळी पिशवी फुगून बसलेली. मुळं, माती, दोन गांडुळं यांसकट एकवीस हजार तरी दूर्वा असतील. वर पाच जास्वंदी. आमचा बाप्पा वीतभर. त्याला शोधायला पिशवी हलवावी लागली. मोदक त्यांनी तीन खाल्ले आणि आत चीज कुठलं म्हणून विचारलं.

काल विसर्जन झाल्यावर पुन्हा दारात. परत कधी लागेल? मी म्हटलं, आता पुढच्या वर्षी. चेहरा पडला. गवत तोवर थांबणार नाही म्हणाल्या. मला राहवेना, संकष्टीचं सांगून बसले. आत्ता कालनिर्णय घेऊन गेल्यात. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या संकष्ट्यांना लाल गोल करतायत.

तुझी लेक