विचारायचं ते सोडून

पडदा काळवंडतो, मधोमध चौकट येते: या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? न वाचताच आपलं बोट 'येस'वर. 'नो' दाबणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ही चौकट 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली. घड्याळाची वेळ बदलायची म्हटली तरी हजर! लोक कातावले, ॲपलने तिची टर उडवणारी जाहिरातच काढली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत सांगून मोकळे झाले, की ती लोकांना वैताग यावा म्हणूनच केली होती. वैतागलेलं गिऱ्हाईक सॉफ्टवेअरवाल्यांना धारेवर धरेल आणि ते सुधारतील, असा हिशेब. लेकी बोले सुने लागे! सून थोडीफार सुधारलीही म्हणे. लेकीला मात्र 'येस' दाबायची खोड लागली ती लागलीच.

बरं, खरा पहारा हवा तिथे काय? खंडणीखोर व्हायरसपासून फायली वाचवणारं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' 2017 पासून विंडोजमध्ये आहे. पण ते मुळात बंद, आणि सेटिंग्जच्या इतक्या आतल्या खोलीत की शोधणाराच दमावा. चालू केलंत तर कधी तुमचाच एखादा गरीब प्रोग्रॅम चोर ठरतो.

खरी गंमत पुढेच. विंडोज 11 च्या 2024 मधल्या आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं, की बहुतेक वेळा डिस्कला आपोआप कुलूप लागतं. इथे पडदा काळवंडत नाही, कुणी परवानगीही मागत नाही. कुलूप चांगलंच आहे हो. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला फोटोसुद्धा दिसणार नाहीत. पण ते उघडायची 48 आकडी किल्ली जाऊन बसते त्या खात्यात. आणि ते खातं? दुकानातल्या पोऱ्याने घाईघाईत कुठल्यातरी ईमेलवर उघडलेलं, पासवर्ड त्याचा त्यालाही आठवत नसलेलं. पुढे कधीतरी बायोस अपडेट होतं, निळा पडदा येतो आणि किल्ली मागतो. मायक्रोसॉफ्टचं उत्तर छापील आहे: हरवलेली किल्ली आम्हीही देऊ शकत नाही. मग सगळं पुसून नव्याने सुरुवात. फोटो, हिशेब, मुलाचा प्रोजेक्ट, सारं गेलं!

तेव्हा लॅपटॉप घेताना बॅग आणि माउस फुकट मिळावा म्हणून अर्धा तास हुज्जत घालता, त्यातली दोन मिनिटं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं हे विचारण्यात घालवा.