पाच सचिन देऊन एक कानिटकर

पिशोरात आप्पांच्या कृषी सेवा केंद्रात उधारी मिळणार की नाही, हे गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्यावरून ठरत नाही. त्याच्या घरी जुन्या ट्रंकेत क्रिकेटची कार्डं पडलीत का, यावरून ठरतं. मागं एकदा अद्रकीला कंदकूज लागली म्हणून एक शेतकरी औषध न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, पोरगं लहान असताना बबलगममधले फोटो जमवायचं, अजून आहेत घरात. आप्पांनी हातातली बाटली काउंटरवर ठेवली.

"फोटोच्या मागं काय छापेल आहे? धावा का विकेटा?"

"आप्पा, अद्रक सडू राहिली ना तिकडं."

"अद्रक पुढल्या वर्षी परत लावता येते. तू आधी ट्रंक उघड. उंदीर लागले म्हंजे?"

औषध उधारीवर गेलं आणि संध्याकाळी आप्पा ट्रंकेसमोर मांडी घालून बसले. आत चार कपिलदेव, तीन श्रीकांत, एक जावेद मियाँदाद आणि कोपरा कुरतडलेला पोरसवदा सचिन निघाला. दुसऱ्या कुणाला घबाड वाटलं असतं. आप्पांनी एकेक उलटून पाहिलं आणि गठ्ठा परत दिला. "काहीच नाही रे यात," म्हणाले. "आपलं कुणीच नाही."

हे 'आपलं' म्हणजे महाराष्ट्र. भारत नव्हे, मुंबई तर नव्हेच. रणजी स्पर्धेत या राज्याचे तीन संघ खेळतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मराठवाडा तिसऱ्यात येतो, ही गोष्ट मराठवाड्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसते. मुंबईनं रणजी करंडक बेचाळीस वेळा नेला. विदर्भानं 2017-18 पासून तीनदा नेला. महाराष्ट्रानं दोनदा, 1939-40 आणि 1940-41 मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. दुसऱ्या खेपेच्या मोसमात देवधरांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध 246 काढल्या होत्या, हे आप्पा गिऱ्हाइकाला युरियाची गोणी देतानाही सांगतात. त्यानंतर करंडक नाही. अशा संघाची भक्ती करायची म्हणजे पंढरीच्या वाटेवर पाऊण शतक चालत राहायचं आणि कळस दिसला की नेमकं परत फिरायचं.

शाळेतल्या एका गुरुजींनी एकदा दुकानात बसून शंका काढली. "आप्पा, 1940 साली पिशोर निजामाच्या राज्यात. तुमचा महाराष्ट्र जिंकला तेव्हा आपण त्यात होतो कुठं? हिशोबानं तुम्ही हैदराबादचे. हैदराबादनं 1937-38 ला करंडक घेतलाय. तोच धरून बसा की."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "गुरुजी, मराठवाडा मोकळा झाला कधी?"

"17 सप्टेंबर 1948."

"आन् निंबाळकरांनी पुण्यात 443 कधी मारल्या? डिसेंबर 1948. आपण इकडं सुटलो आन् तिसऱ्या महिन्यात त्यांनी बॅट उचलली. आता तुम्हीच समजून घ्या."

मराठवाडा मुंबई राज्यात आला 1956 साली, असं गुरुजी म्हणायला गेले. आप्पा म्हणाले, त्या कागदोपत्री बाबी झाल्या.

भाऊसाहेब निंबाळकरांची ती खेळी हे आप्पांचं दुसरं आन्हिक. काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 चा विक्रम मोडायला दहा धावा कमी आणि महाराष्ट्र 4 बाद 826. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढं खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. कसोटीत तर निंबाळकरांना कधी घेतलंच नाही. आप्पा हे सांगताना असे तापतात, की नवखं गिऱ्हाईक काठियावाडचं बियाणं मागायला कचरतं.

नाद लागला तो बिग फन बबलगमपासून. ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदीची सुरुवात ज्यांनी हाफ चड्डीत काढली त्यांना सांगायला नको. गमबरोबर खेळाडूचं छोटं चित्र निघायचं, त्यावर धावा किंवा विकेटा छापलेल्या. ठरावीक बेरीज जमली की कार्डं द्यायची आणि पानं भर्रकन सोडली की फटका मारणारा फलंदाज हलताना दिसे, अशी चिमुकली वही घ्यायची. सगळी पोरं वही घेऊन आली. आप्पांनी कार्डं दिली नाहीत. आपले धावा काढणारे गडी देऊन कागदाचा हलता माणूस कशाला घ्यायचा, हा त्यांचा सवाल होता. मग ट्रम्पचे पत्ते आले, 1999 च्या विश्वचषकाला ब्रिटानियाच्या पुड्यांवरच्या धावा आल्या आणि आयपीएलनंतर क्रिकेट अ‍ॅटॅक्सची चकचकीत कार्डं आली. पोरं मोठी होऊन शेतीला, नोकरीला लागली. आप्पा दुकानाला लागले, पण कार्डं तशीच राहिली.

त्यांच्या सोयरिकीच्या वेळी यावरून घोटाळाही झाला. मुलीकडच्यांनी गावात चौकशी केली, तेव्हा कुणीतरी भाबडेपणानं सांगून टाकलं, "पोरगं सोन्यासारखं, फक्त पत्त्यांचा नाद आहे." सोयरिक मोडायला आली. शेवटी मध्यस्थानं अख्खा गठ्ठा सोबत नेऊन पाव्हण्यांपुढं ठेवला आणि यात बदाम-इस्पिक कुठं नाही हे दाखवून दिलं. लग्न झालं. काकू आजही म्हणतात, तीन पत्ती परवडली असती, तिच्यात निदान एखाद्या रात्री माणूस जिंकतो तरी. काकूंचा राग मुख्यतः लग्नाच्या अल्बमवरून आहे. त्याचे पारदर्शक खिसे नेमके कार्डाच्या मापाचे निघाले. हळदीचे फोटो आता पिशवीत आहेत आणि त्या जागी महाराष्ट्राचा संघ बसला आहे. अंतरपाटाच्या पानावर केदार जाधव.

आप्पांचा खरा पराक्रम अदलाबदलीत. बाजारात ज्याला मोल, त्याला आप्पांकडं नाही, हे गावातल्या पोरांनी फार लवकर ओळखलं. सचिन दिला की आप्पा तोंड वाकडं करतात. धोनी दिला तर "ठेव तिकडं". पण हृषीकेश कानिटकर? एका कानिटकरला पाच सचिन, हा पिशोरचा भाव आहे. कन्नडला, सिल्लोडला हा भाव कळल्यावर तिकडून कानिटकर यायला लागले. एक कॉलेजचा पोरगा तर या धंद्यावर महिनाभर मोबाइलचा रिचार्ज मारत होता म्हणतात.

ट्रम्पच्या खेळात कानिटकरचा पत्ता ज्याच्या हातात पडे, तो मेलाच म्हणायचा. एकदिवसीय सामने 34, धावा 339. आकडा कोणताही बोला, हार ठरलेली. आप्पा मात्र हाच पत्ता छातीशी धरून डाव टाकत. "बोला, ढाक्याला शेवटून दुसऱ्या चेंडूवर चौकार!" पोरं ओरडत, असा रकानाच नाही पत्त्यावर. आप्पा म्हणत, छापणाऱ्याची चूक, त्याची शिक्षा मला कामून? गोष्ट खरी आहे. 18 जानेवारी 1998, पाकिस्तानविरुद्ध 315 चं लक्ष्य, अंधारून आलेलं, दोन चेंडूंत तीन धावा हव्या आणि गोलंदाज सकलेन मुश्ताक. त्या चौकाराच्या वेळी पिशोरात लाइट होती का, यावर अजून वाद आहे. आप्पा म्हणतात, आपण डोळ्यांनी पाहिला.

पण कानिटकरवर त्यांचा रुसवाही आहे. रणजी करंडक त्यानं कर्णधार म्हणून उचलला, तो राजस्थानचा, 2010-11 ला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रणजी जिंकला, तो रेल्वेकडून. ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले ते महाराष्ट्राकडून, आणि कप्तान झाला तो चेन्नईचा. "आपण पोरं वाढवायची," आप्पा म्हणतात, "आन् वरात निघते दुसऱ्याच्या दारातून." ऋतुराजचं पिवळ्या शर्टातलं कार्ड त्यांनी घेतलं खरं, पण शर्टावर निळ्या स्केचपेननं रंग दिला. तो रंग आता फुटून तोंडावर गेलाय. निळा ऋतुराज अल्बमात कृष्णाच्या जागी बसवला तरी खपेल.

आप्पांना आयुष्यात एकच कार्ड मिळालेलं नाही आणि त्यासाठी ते अख्खं दुकान देतील असं काकूंना वाटतं. इक्बाल सिद्दिकी. औरंगाबादेत जन्मलेला, महाराष्ट्राचा वेगवान गोलंदाज. कसोटी सामने एक. डिसेंबर 2001, मोहाली, समोर इंग्लंड. त्याच सामन्यात बांगरचंही पदार्पण, म्हणजे मराठवाड्यात जन्मलेले दोघं एकाच दिवशी कसोटीत उतरले. तेव्हापासून 3 डिसेंबरला दुकानात पेढे असतात. गिऱ्हाइकांना वाटतं, आप्पांचा वाढदिवस. सिद्दिकीनं पहिल्या डावात 24 काढल्या, एक बळी घेतला. शेवटी भारताला जिंकायला पाच धावा हव्या होत्या. सलामीला धाडलं ते सिद्दिकीला. पाचही त्यानंच काढल्या आणि सामना संपला. पुढं कसोटीचं बोलावणं नाही.

"भारतासाठी बोलिंगला सुरुवात यानं केली, ब्याटिंगला सुरुवात यानं केली आन् म्याचही यानंच संपवली," आप्पा बोटं मोडत सांगतात. "आजून काय पाह्यजे होतं यांना? रोलर फिरवायचा राह्यला होता?"

कुठल्याच पुडीत, कुठल्याच संचात आप्पांना सिद्दिकी सापडला नाही. म्हणून त्यांनी तो घरी तयार केला. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, वर्तमानपत्रातलं कात्रण, फेव्हिकॉल आणि वरून झेरॉक्सवाल्याकडचं लॅमिनेशन. मागं निळ्या पेनानं आकडेवारी. एकदा हात बसल्यावर आप्पा थांबतात कसले? देवधर झाले, निंबाळकर झाले (फोटो 2012 सालच्या निधनवार्तेतला), चंदू बोर्डे झाले, पैठणचा अंकित बावणेही झाला. नीट निरखलं तर देवधरांच्या पाठीला संकरित मक्याची जात आणि उगवणशक्तीची टक्केवारी वाचता येते. सिद्दिकीच्या कार्डावर जन्मस्थळ 'औरंगाबाद' असं आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा एका पोरानं विचारलं, "आप्पा, हे खोडून नवीन लिहायचं का?" आप्पांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. जुनी छपाई आहे म्हणाले, हिचा भाव वाढतो.

भावाची ही भाषा त्यांना न्यू जर्सीतल्या भाच्यानं शिकवली. तिकडं बेसबॉलच्या कार्डांचा मोठा बाजार. दिवाळीत आला तेव्हा त्यानं सांगितलं, मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं 1952 सालचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. दुकानात कुणीतरी मोबाइलवर गुणाकार केला. शंभर कोटी रुपये. बराच वेळ सगळे गप्प. मग भाच्यानं भर घातली, की त्याच 1952 सालची न खपलेली कार्डं टॉप्स कंपनीनं 1960 च्या सुमारास समुद्रात नेऊन बुडवली होती, गोदामात जागा अडते म्हणून. तेव्हा आप्पांनी मान वळवून काकूंकडं असं बघितलं, की काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. माळा साफ करताना त्यांनी कधीतरी एक पिशवी रद्दीत दिली होती.

पण आप्पांना मँटल आवडला नाही. जिंकणाऱ्या न्यूयॉर्कचा खेळाडू, म्हणजे तिकडची मुंबई. त्यांना आवडला होनस वॅग्नर. शंभरेक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून निघणारं स्वतःचं कार्ड त्यानं बंद करायला लावलं. पोरांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं काही म्हणतात. पैशावरून बिनसलं, असंही काही म्हणतात. थोडीच कार्डं बाहेर आली आणि त्यांनाही कोट्यवधींचा भाव. आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खेळायचा कोणाकडून?"

"पिट्सबर्ग पायरेट्स."

"जिंकते का टीम?"

"1979 नंतर नाही, मामा."

आप्पांचा चेहरा उजळला. त्याच रात्री फेव्हिकॉल निघालं. महाराष्ट्राच्या अल्बमात निंबाळकरांच्या शेजारी आता एक मिशी नसलेला गोरा माणूस आहे आणि सकाळी दुकान उघडलं की भाच्याच्या मोबाइलवर पिशोरहून विचारणा जाते, काल आपले पायरेट्स किती रनांनी हारले.

सध्या आप्पा एका मोठ्या कामात आहेत. महाराष्ट्र रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला 1971 ला आणि मुंबईकडून हरला. मग 1993 ला, पंजाबकडून हरला. मग 2014 ला, कर्नाटककडून. आप्पांनी खताच्या बिलाच्या पाठीमागं वजाबाकी मांडली. बावीस, एकवीस. म्हणजे पुढली फायनल 2035 ला, आणि या खेपेला आपण जिंकणार, कारण किती वेळा हारायचं. आता 2035 ला जो वीस-बाविशीचा असेल, तो आज सहावी-सातवी-आठवीत असला पाहिजे. त्याचं अगदी पहिलं कार्ड आत्ताच करून ठेवलं तर उद्या अमेरिकावाले पिशोरला येतील.

म्हणून रोज संध्याकाळी आप्पा मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. कुणी जरा बरा फटका मारला की त्याला बोलावून जन्मसाल विचारतात, मोबाइलवर फोटो काढतात, पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि मागं सही घेतात. सहीसाठी पोराला एक गोळी मिळते. पोरं हल्ली वय वाढवून-कमी करून सांगतात.

परवा एकानं सही केली आणि पुठ्ठा हातातच धरून ठेवला.

"आप्पा, माझं किती कोटीला जाईन?"

"आधी टीममध्ये तर ये."

"मग आत्ता काय भाव आहे?"

आप्पांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "तू लेगला लै मारतो. तुझे दोन दिले तर एक धोनी देतो."

पोरगा थोडा वेळ पायानं माती उकरत उभा राहिला. "धोनी नको आप्पा," तो म्हणाला. "कानिटकर द्या. सिल्लोडला त्याचे पाच सचिन येतात."