सरांचा सेल्फ

आमच्या सुधागड तालुक्यातली भातखाचरं एवढीएवढीशी. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर वळायला शेजाऱ्याच्या शेतात जावं लागतं, आणि शेजारी भाऊबंद असेल तर तिथून थेट कोर्टात. म्हणून इकडे पॉवर टिलर चालतो, नाहीतर १५-२० अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर. निवृत्तीनंतर मीही पालीत एक मिनी ट्रॅक्टर घेतला. बैलजोडी मला झेपली नसती. बैलाला रोज वैरण लागते, शिवाय आपण त्याला घाबरतो हे त्याला कळतं. ट्रॅक्टरला कळत नसावं असा माझा समज होता.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. विद्युतधारेचा धडा म्हणजे माझा हातखंडा. ओहमचा नियम मी झोपेतसुद्धा फळ्यावर लिहीन. (आमच्या मंडळींचं म्हणणं, ‘वर्गात तरी वेगळं काय करायचात?’)

आर्द्रा सरत आलं होतं. राबातली रोपं लावणीला आली होती, सरसगड ढगात गेला तो गेलाच होता आणि आदल्या संध्याकाळी चिखलणी अर्धी टाकून मी ट्रॅक्टर बांधाशेजारी उतारावर उभा केला होता. सकाळी क्लच दाबून चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, आतून ‘टक’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली. टक. लावणीच्या दिवसांत पालीत कोणाचा ट्रॅक्टर ‘टक’ म्हणाला की ते चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जातं. थोड्याच वेळात बांधावर छत्र्या जमल्या.

“बॅटरी डाऊन, सर.” हे निदान एकमताने झालं. ग्रामसभेत इतकं एकमत मी कधी पाहिलेलं नाही.

आता मी विज्ञानाचा माणूस. मी मल्टिमीटर आणला आणि बॅटरीला लावला. १२.६ व्होल्ट! बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली की एवढंच दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दुबळी समजायची. माझा काटा तर चावी फिरवूनही जागचा हलत नव्हता. म्हणजे बॅटरी धडधाकट होती, आणि सेल्फपर्यंत करंट पोचतच नव्हता. हे मी जमलेल्यांना नीट समजावून सांगितलं. त्यानंतर रिक्षा केली, खोपोलीला गेलो आणि नवी बॅटरी घेऊन आलो. लोकमताचा आदर करावा लागतो.

नवी बॅटरीही ‘टक’ म्हणाली.

मग कोणीतरी इग्निशन स्विचवर संशय घेतला. स्विच बदलला. टक. मग सोलेनॉइडचा नंबर लागला. सेल्फ मोटर शंभराच्या वर अँपिअर ओढते, एवढा करंट चावीच्या बारीक वायरमधून नेला तर वायर जळेल. म्हणून चावीने थोडासा करंट सोलेनॉइडला द्यायचा आणि सोलेनॉइडने जाड केबलचा रस्ता उघडायचा, अशी ती रचना असते. हेही मी समजावलं, आणि सोलेनॉइडही बदलला. टक. तोवर ट्रॅक्टरमध्ये नव्या वस्तू इतक्या झाल्या होत्या की त्याची पूजा घालायला हरकत नव्हती. मॅन्युअलमध्ये वायरिंगचा नकाशा असतो हे मला आठवलं, पण सीटखालच्या खणात मॅन्युअल सापडेना.

आमच्या वडिलांच्या पाणी खेचायच्या इंजिनाला हँडल होतं. हँडल मारायचं आणि मनगट सांभाळायचं, बस. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं. एकदा सुरू झालं की साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाला विजेची गरज उरत नाही, हेही मी बांधावरच्यांना सांगून झालं. १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला आणि लोकांची मनगटं वाचली. केटरिंगने सोय माणसासाठी केली हे खरं, पण त्याने कोकणातला पावसाळा बघितला नव्हता.

दुपारी बांधावरची मंडळी जेवायला पांगली आणि मला एकांतात बुद्धी सुचली. सोलेनॉइडवर बॅटरीच्या जाड केबलचा बोल्ट असतो आणि बाजूला बारीक वायरीचं टोक. दोन्हीवर एकदम स्क्रूड्रायव्हर टेकवला की चावी, क्लच स्विच, रिले सगळं वगळून सेल्फ फिरतो. ही युक्ती मी मेकॅनिक लोकांना करताना पाहिली होती. ते आधी गिअर न्यूट्रल करतात, हे पाहिलं नव्हतं. आणि माझा ट्रॅक्टर उतारावर घसरू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मीच गिअरमध्ये ठेवला होता. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये असा स्विच कंपनी देते, तो नेमका असल्या विज्ञान शिक्षकांसाठीच.

चाकाजवळ चिखलात उभा राहून मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली, सेल्फ फिरला, इंजिन धडधडलं आणि ट्रॅक्टर चालायला लागला. दचकून माझा पाय घसरला आणि मी उताणा पाण्यात पडलो. पडलो म्हणूनच मागच्या केज व्हीलच्या तावडीतून सुटलो. उठून बघतो तर ट्रॅक्टर एकटाच चिखलणी करत निघालेला, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सरळ रेषेत.

मी धावत जाऊन वर चढलो आणि चावी बंद केली. इंजिन चालू. पुन्हा फिरवली. चालू. शेवटी चावी उपटून हातात घेतली. चावी माझ्या मुठीत आणि ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या नुकत्याच लावलेल्या रोपांत. डिझेलला विजेची गरज नसते हे याच माणसाने सकाळी बांधावर उभं राहून सांगितलं होतं!

“सर, स्टॉपर ओढा, स्टॉपर!” लावणी करणाऱ्या बायका ओरडत होत्या. इंजिन बंद करायचा हा स्टॉपर मी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने ओढतो. त्या क्षणी मी काय ओढलं ते आठवत नाही, पण हेडलाइट लागले. भर दुपारी दिवे लावून आम्ही पुढच्या बांधाला धडकलो. तिथे पुढची चाकं अडली, आणि पलीकडून कोणीतरी चढून इंजिन बंद केलं.

संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी आला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. विज्ञानात मी त्याला काठावर पास केला होता, आणि तेही उदार मनाने. त्याच्याजवळ मल्टिमीटर नव्हता. एक बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, असा टेस्टलॅम्प होता. एक वायर त्याने बॉडीला अडकवली. आमच्या हिला क्लच दाबून चावी फिरवायला बसवलं आणि दुसरं टोक एकेका ठिकाणी लावत गेला. बॅटरीवर बल्ब लागला. चावीच्या मागे लागला. क्लच स्विचच्या पुढे लागला. रिलेच्या पुढेही लागला, तेव्हा ‘टक’ आवाज कोण करतं तेही कळलं. सोलेनॉइडच्या टोकावर मात्र अंधार.

“सर, रिले ते सोलेनॉइड. मध्येच कुठेतरी तुटलंय,” तो म्हणाला आणि त्याने सीटखालची पत्रा-पट्टी काढली. आत उंदराचं घरटं होतं. वायर कुरतडलेली होती. आणि घरट्यातली गादी कसली, तर माझ्या मॅन्युअलच्या कपट्यांची. वायरिंगच्या नकाशाचं पान उंदराने माझ्याआधी संपवलं होतं.

वीतभर वायर बदलली, वर टेप गुंडाळली आणि सेल्फ पहिल्या फटक्यात लागला. पैसे घ्यायला तो तयार होईना. “सर, तुम्हीच शिकवलंय ना, परिपथ पूर्ण पाहिजे,” असं म्हणाला आणि पायाच पडला. चेष्टा की आदर, हे मी अजून ठरवतो आहे.

उंदराला विष घालण्याचा विषय मी घरात काढून पाहिला. “पालीत राहून?” एवढंच उत्तर आलं. इथल्या बल्लाळेश्वर गणपतीच्या गाभाऱ्यासमोर मोदक धरलेला उंदीर आहे. त्याच्याकडे पाहून नमस्कार करायचा आणि घरी येऊन त्याच्या भावकीला विष, हे हिला पटण्यासारखं नव्हतं. सीटखाली आता डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. शेजाऱ्याची रोपं आम्ही दोघांनी पुन्हा लावून दिली, त्यात माझी कमर गेली.

मिनी ट्रॅक्टरवाल्यांनो, सेल्फ सीटवर बसून, गिअर न्यूट्रल ठेवून, क्लच दाबूनच मारा, आणि स्क्रूड्रायव्हर डब्यात राहू द्या. माझ्याकडे एक बॅटरी, एक इग्निशन स्विच आणि एक सोलेनॉइड अशा जुन्या पण पूर्ण चालू स्थितीतल्या वस्तू पडून आहेत. सुधागड तालुक्यातल्या कोणाला हव्या असतील तर पालीत घरी येऊन न्याव्यात. चहा मिळेल, भाव करू नये.